ऐच्छिक परीक्षा आणि आपण बायका



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा प्रथम गडाविषयी लिहावे असे मनात आले. पण वणीत राहणाऱ्यांना सप्तशृंगीच्या गडाची माहिती मी काय नवी सांगणार? पाककृती लिहाव्यात तर त्या कामी माझ्याहून पुष्कळ सुगरणी आपल्या मंडळात आहेत. म्हणून गेले काही महिने आमच्या घरात आणि मंडळाच्या दुपारच्या बैठकीत ज्या विषयाचा पुष्कळ काथ्याकूट झाला, तोच विषय येथे घेते. तो विषय म्हणजे ऐच्छिक परीक्षा.

ऐच्छिक परीक्षा म्हणजे कोणती? शाळेतली वार्षिक परीक्षा ही सक्तीची. ती दिली नाही तर वरच्या वर्गात जाता येत नाही. पण काही परीक्षा अशा असतात की त्या द्याच असे कोणी सांगत नाही. न दिल्या तर कोणी नापास म्हणत नाही, आणि दिल्या तर पुढे कॉलेजच्या शिक्षणात त्या धरल्या जाऊ शकतात. माझी मुलगी नाशिकला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. सरकारचे ‘स्वयम्’ नावाचे शिक्षणाचे व्यासपीठ २०१७ च्या जुलैमध्ये सुरू झाले. त्यावर मोबाईलवर किंवा संगणकावर मोठमोठ्या प्राध्यापकांचे धडे फुकट ऐकायला मिळतात. तिने त्यावर अर्थशास्त्राचा एक अभ्यासक्रम घेतला. शिकायला पैसे पडत नाहीत; परंतु शेवटची परीक्षा द्यायची असेल तर फी भरून, केंद्रावर जाऊन द्यावी लागते. ती मला म्हणाली, “आई, परीक्षा देऊ की नुसतं शिकू?” मी सातवी झालेली बाई. मी तिला काय सांगणार? पण प्रश्न मनात घर करून बसला. मग आपल्या आधीच्या बायकांनी अशा वेळी काय केले, ते मी मिळेल तेथून वाचले, विचारले. जे हाती लागले ते सांगते.

सुरुवात आपल्या नाशिकपासूनच करू. कॉर्नेलिया सोराबजी या बाईंचा जन्म १८६६ साली नाशिकला झाला. वडील पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. पुढे कुटुंब बेळगावला व पुण्याला गेले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले, पण त्यानंतर तीसएक वर्षे त्याच्या पदवीधरांत बाईमाणसाचे नाव नव्हते. कॉर्नेलियाबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुलांच्या वर्गात बसून शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की, आपले गुण सर्वांत वर होते आणि त्या गुणांवर विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. पण ती बाईमाणसाला देता येत नाही म्हणून नाकारली गेली. तेव्हा काही इंग्रज स्नेह्यांनी वर्गणी जमवली. वर्गणी देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचेही नाव होते. १८८९ साली बाई ऑक्सफर्डला पोचल्या.

आता खरी गंमत पुढे आहे. ऑक्सफर्डला कायद्याची वरची परीक्षा बायकांसाठी नव्हतीच. ती बाईंनी द्यावी असे कोणी म्हणत नव्हते. उलट देऊ नये असेच पुष्कळांचे मत. त्यांनी अर्जविनंत्या केल्या, आणि १८९२ साली खास ठराव होऊन त्यांना परीक्षेस बसण्याची परवानगी मिळाली. ती परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परीक्षा दिली, पण पदवी? ती मिळाली नाही. त्या विद्यापीठात बायकांना पदवी देण्याचा नियमच १९२० पर्यंत नव्हता. बाईंच्या हाती पदवी आली ती १९२२ साली, म्हणजे परीक्षेनंतर ३० वर्षांनी! मधल्या काळात त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. परत आल्यावर १८९७ साली मुंबई विद्यापीठाची कायद्याची परीक्षा दिली, १८९९ साली अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. तरीही कोर्टात वकील म्हणून उभे राहण्याची बायकांना मुभा नव्हती. ती १९२३ च्या कायद्याने मिळाली आणि त्यानंतर बाईंनी कलकत्त्यास वकिली सुरू केली. पण १९०४ पासून बंगालमध्ये सरकारी नोकरीत राहून पडद्यातल्या विधवांच्या आणि अनाथ मुलांच्या इस्टेटी सांभाळण्याचे काम त्यांनी केले, ते त्या कायद्याच्या अभ्यासाच्या जोरावरच. वकिलीची सनद नव्हती, पण विद्या होती.

हे वाचले तेव्हा मला द्राक्षबाग आठवली. आपल्या दिंडोरी तालुक्यात घरटी कोणाचा ना कोणाचा बागेशी संबंध आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात. नवख्या माणसाला वाटेल, भर उन्हात सगळी वेल बोडकी करून यांनी काय साधले? त्या छाटणीला घड येत नाही. पण तिच्यावर जी काडी तयार होते, तिच्याच पोटात पुढचा घड धरलेला असतो. तो दिसतो ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर. काही परीक्षा खरड छाटणीसारख्या असतात. मात्र प्रत्येकीला ३० वर्षे थांबणे परवडेल असे नाही, हेही तितकेच खरे. कॉर्नेलियाबाईंच्या पाठीशी शिकलेले घर होते आणि मदत करणारे स्नेही होते. सामान्य घरातल्या बाईचे काय?

सामान्य घरातल्या बाईचा विचार केला तो अण्णासाहेब कर्व्यांनी. १८९६ साली त्यांनी पुण्यास विधवांसाठी आश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याच्या माळावर नेला. जपानात बायकांचे निराळे विद्यापीठ आहे, त्याची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली आणि आपल्याकडेही तसे का नसावे, हा विचार त्यांनी घेतला. १९१६ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. शिक्षण मातृभाषेतून. मुंबई विद्यापीठात सगळे इंग्रजीतून, त्यामुळे घरात वाढलेल्या मुलीची अर्धी शक्ती भाषेतच खर्च होई. ती अडचण कर्व्यांनी काढून टाकली. पदवीला त्यांनी नावही सुरेख दिले, ‘गृहीतागमा’. म्हणजे जिने विद्या ग्रहण केली ती. त्यावरची पदवी ‘प्रदेयागमा’. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठास मिळाले. आज ज्याला आपण एसएनडीटी म्हणतो ते हेच.

परंतु या पदवीला सरकारची मान्यता नव्हती. एकीकडे मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक आणि बी.ए., तिला सरकारदरबारी मान. दुसरीकडे कर्व्यांची गृहीतागमा. बापाने मुलीला कोणत्या परीक्षेस बसवावे? त्या काळी घराघरांत हा वाद झाला असणार, जसा आज आपल्या घरात होतो. ‘ज्या पदवीवर सरकारी नोकरी नाही ती घेऊन करायचे काय?’ हा प्रश्न काही वेडगळ नव्हता. तरी मुली त्या परीक्षेस बसल्या. त्यांतल्या पुष्कळजणी शिक्षिका झाल्या आणि त्यांनी पुढच्या मुलींना शिकवले. मुंबई सरकारने १९४९ साली कायदा केला आणि १९५१ साली त्या विद्यापीठास कायदेशीर दर्जा मिळाला. म्हणजे ३५ वर्षे बायका न मोजल्या जाणाऱ्या परीक्षा देत राहिल्या, म्हणून तर त्या मोजणे सरकारला भाग पडले. कोणी बसलेच नसते तर मान्यता कशाला द्यायची होती? अण्णासाहेबांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, तेव्हा ते शंभरीत होते. एवढे आयुष्य लाभले म्हणून आपल्या झाडाचे फळ त्यांना डोळ्यांनी बघता आले.

आता माझ्या मनाला सर्वांत जवळची अशी एक बाई सांगते. अनुताई वाघ. जन्म १९१० चा. बालपणीच लग्न आणि लगेच वैधव्य. त्या काळात अशा मुलीच्या वाट्याला काय येई, हे आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितलेले आहे. पण अनुताईंच्या घरच्यांनी त्यांना शिकू दिले. त्यांनी ‘व्हर्नाक्युलर फायनल’ ही परीक्षा दिली. ही फायनल म्हणजे मराठी शाळेची शेवटची परीक्षा, मराठी सातवी. जुनी माणसे एखाद्याविषयी ‘तो फायनल झालेला आहे’ असे आदराने म्हणत, ती हीच. फायनल झालेल्याला मास्तरकी मिळे, तलाठ्याची नोकरी मिळे. अनुताईंनी पुढे पुण्यात शिक्षिकेचे शिक्षण घेतले आणि आपल्याच जिल्ह्यात, निफाड तालुक्यातल्या चांदोरीला त्या शिक्षिका झाल्या.

येथे त्यांना थांबता आले असते. विधवा बाईला गावात नोकरी आहे, पगार आहे, मान आहे. आणखी काय पाहिजे? पण त्या थांबल्या नाहीत. पुढे पुण्यास नोकरी करीत असताना दिवसा शिकवायचे आणि रात्री रात्रशाळेत जाऊन शिकायचे, असे करून त्या १९३७ साली मॅट्रिक झाल्या. दिवसभर ज्या बाई मुलींना शिकवतात, त्यांनीच रात्री विद्यार्थिनी होऊन बाकावर बसायचे, याला केवढे धैर्य लागत असेल! मॅट्रिक व्हा असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आणि वयाची पन्नाशी गाठल्यावर त्या बी.ए. झाल्या. तोवर त्यांचे नाव झालेले होते. ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या डोंगरावर आदिवासी मुलांच्या बालवाड्या त्या चालवीत होत्या. ज्या बाईकडे लोक शिकायला येतात, तिला बी.ए.ची काय जरूर? पण त्यांना ती वाटली. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९२ साली त्या गेल्या. आपण अंगणवाडी म्हणतो, त्या कामाचा पाया घालणाऱ्यांत त्या होत्या. मराठी सातवीपासून निघून त्या इथवर पोचल्या, हे मला फार मोलाचे वाटते. कारण सातवी माझीही झाली आहे.

याच सुमाराची आणखी एक परीक्षा आपल्या घराघरांतून होऊन गेली, ती राष्ट्रभाषेची. १९३६ साली वर्ध्यास राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली आणि १९३७ साली पुण्यास महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभा. स्वातंत्र्याच्या चळवळीचा तो भाग होता. परिचय, कोविद, रत्न अशा एकाहून एक वरच्या परीक्षा असत. दुपारी चूल आवरली की कोणाच्या तरी ओसरीवर वर्ग भरे. शाळा सुटलेल्या, लग्न झालेल्या बायका पुन्हा पुस्तक हातात धरून बसत. फी थोडी, वय कोणतेही, शाळेचा दाखला लागत नसे. कित्येकजणींच्या आयुष्यातला पहिला छापील निकाल म्हणजे या परीक्षेचा.

पण या परीक्षांची एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पुढे केंद्र सरकारने यांतल्या काही परीक्षांना शाळा-कॉलेजच्या परीक्षांच्या बरोबरीचे मानले, पण ते फक्त हिंदी या विषयापुरते. ‘रत्न’ झालेल्या बाईचे हिंदी पदवीधराच्या तोडीचे धरले, तरी ती बाई बी.ए. झाली असा त्याचा अर्थ नव्हे. ज्यांना हे आधी ठाऊक होते त्या समाधानाने हिंदी शिक्षिका झाल्या. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांची निराशा झाली. परीक्षा तीच, प्रमाणपत्र तेच. फरक पडला तो आधी विचारून घेतल्याचा.

यानंतर येते आपल्या दाराशी आलेले विद्यापीठ. इंग्लंडात मुक्त विद्यापीठाचे वर्ग १९७१ साली सुरू झाले. कामधंदा करणाऱ्या, वय झालेल्या माणसाने घरी बसून पदवी घ्यावी, ही त्यामागची कल्पना. आपल्या देशात हैदराबादला १९८२ साली आणि दिल्लीस १९८५ साली अशी विद्यापीठे झाली. १९८९ च्या जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारने यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ काढले, आणि तेही नाशिकला! गंगापूर धरणाच्या बाजूला गोवर्धन शिवारात त्याचे आवार आहे. प्राध्यापक राम ताकवले हे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. गोदावरीच्या काठी असलेल्या विद्यापीठाला ते शोभतेही.

या विद्यापीठाने एक मोठी गोष्ट केली. बारावी झालेली नसली तरी, १८ वर्षे पुरी झालेल्या माणसाने ‘पूर्वतयारी’ नावाचा लहानसा अभ्यासक्रम करावा, त्याची परीक्षा द्यावी, आणि ती पास झाल्यास थेट बी.ए. किंवा बी.कॉम.ला प्रवेश घ्यावा, अशी वाट त्याने उघडली. मागच्या शाळेचा दाखला नसला तरी अडत नसे. रविवारी केंद्रावर वर्ग, बाकी अभ्यास घरी पुस्तकांवर. कित्येक आया आपल्या मुलांबरोबर अभ्यासाला बसल्या. आमच्या ओळखीतल्या एका भगिनीने त्या वाटेने पदवी घेतली. सासूबाई आजारी, घरात दोन लहान मुले, तरी पहाटे चारला उठून ती वाचीत असे. पदवीचा कागद तिने देवघरात ठेवला होता, हे मी स्वतः पाहिले आहे.

तरी तिथेही तोच मुद्दा आला. पूर्वतयारीची परीक्षा विद्यापीठाच्या पदवीस चालली, म्हणून ती सगळीकडे बारावी म्हणून चालत नसे. जिथे ‘बारावी पास’ अशी अट असे, तिथे हा कागद पुरा पडत नसे. पुढे पदवीच्या प्रवेशाचे नियमही बदलत गेले. म्हणून कोणीही मागच्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर न जाता, ज्या वर्षी अर्ज भरायचा त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, किंवा वाचून घ्यावी. तुमच्या शेजारणीला दहा वर्षांपूर्वी जे चालले ते तुम्हाला चालेलच असे नाही.

आता माझ्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. हल्ली कॉलेजात ‘श्रेयांक’ म्हणून एक प्रकार आहे. मुली त्याला क्रेडिट म्हणतात. साधारण १५ तास शिकवणे म्हणजे एक श्रेयांक, असा हिशेब. ठरावीक श्रेयांक जमले की पदवी. पतपेढीत जशी आपण थोडी थोडी बचत टाकतो, तसे हे. २०२१ साली सरकारने श्रेयांकांची खरोखरीची बँकच काढली. विद्यार्थ्याच्या नावे खाते असते, त्यात श्रेयांक जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत धरता येतात. मधे शिक्षण सुटले तरी केलेले वाया जाऊ नये, हा हेतू. लग्न, बाळंतपण, घरातले दुखणे यांनी ज्यांचे शिक्षण मधेच सुटते त्या मुलींना याचा उपयोग किती, हे मी सांगायला नको. याच वर्षीच्या नियमाने असेही ठरले की, एखाद्या सत्रातल्या विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषयांचे श्रेयांक ‘स्वयम्’वरून घेता येतात. पण त्यास दोन अटी. एक, शेवटची परीक्षा दिली पाहिजे. नुसते धडे ऐकून श्रेयांक मिळत नाही. दुसरी, आपल्या कॉलेजाने तो अभ्यासक्रम आपल्या पदवीसाठी मान्य केलेला पाहिजे.

मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलणे झाले. एक ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या, “पोरगी शिकली ना? मग झालं. फी भरून पुन्हा कागद कशाला घ्यायचा?” दुसरी म्हणाली, “कॉलेजची परीक्षा तोंडावर, त्यात ही दुसरी. दोन्हीकडे हात मारला तर एकही धड व्हायची नाही.” तिसरीचे म्हणणे निराळे. ती म्हणाली, “अहो, आपण घरात दिवसभर राबतो, ते कोण मोजतं? बाईचं शिकणंही तसंच. तिनं घरात बसून कितीही वाचलं तरी ते कुणाच्या खिजगणतीत नसतं. परीक्षा दिली म्हणजे निदान मोजलं तरी जातं.”

तिचे हे बोलणे मला फार पटले, आणि वर सांगितलेला सगळा इतिहास मला त्याच एका धाग्यात ओवलेला दिसू लागला. शिकणे बायकांनी केव्हा सोडले होते? आपल्या आज्यांना ओव्या पाठ, औषधे पाठ, हिशेब तोंडी. पण त्याची नोंद कुठे नाही. कॉर्नेलियाबाई, कर्व्यांच्या विद्यार्थिनी, अनुताई, ओसरीवर हिंदी शिकणाऱ्या बायका, या सगळ्यांनी एकच गोष्ट केली. आपले शिकणे मोजून द्या, असे त्या परीक्षेला बसून म्हणाल्या. मोजणाऱ्याने त्या दिवशी मापात घातले नाही तरी नोंद राहिली, आणि पुढे कधीतरी ती धरावीच लागली.

पण म्हणून दिसली परीक्षा की बसले, असेही करू नये. या इतिहासावरून मला तीन प्रश्न सुचले. मुलीला मी तेच सांगितले, आणि तुम्हालाही सांगते.

पहिला प्रश्न : ही परीक्षा कुठे धरली जाणार? हे परीक्षा घेणाऱ्याला विचारून भागत नाही. ज्याने ती धरायची आहे त्याला, म्हणजे आपल्या कॉलेजला विचारावे, आणि शक्य तर लेखी घ्यावे. राष्ट्रभाषेच्या परीक्षांनी हेच शिकवले.

दुसरा प्रश्न : आज धरली नाही तर पुढे उपयोगी पडेल का, आणि तोवर थांबणे आपल्याला परवडेल का? फी, जाण्यायेण्याचा खर्च, दुसऱ्या परीक्षेच्या तारखा, हे सगळे ताळेबंद मांडून पाहावे. पदरमोड करून दिलेल्या परीक्षेपायी हातातली परीक्षा बुडता कामा नये.

तिसरा प्रश्न : कोणीच ती धरली नाही, तरी आपल्याजवळ काय उरेल? ज्या अभ्यासाने आपण शहाणे होऊ तो वाया जात नाही. नुसत्या कागदासाठी केलेला मात्र कागद न चालला की सगळाच वाया गेला.

माझ्या मुलीने कॉलेजात जाऊन विचारले. तो अभ्यासक्रम तिथे मान्य होता आणि एका विषयाच्या जागी धरला जाणार होता. परीक्षेची तारीखही कॉलेजच्या परीक्षेच्या बरीच आधी. तिच्या वडिलांनी फी भरली आणि ती परीक्षेस बसायची ठरली. आमच्या गल्लीतल्याच दुसऱ्या एका मुलीने तेच धडे ऐकले होते. तिच्या कॉलेजात तो अभ्यासक्रम धरत नाहीत, आणि तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा त्याच पंधरवड्यात. तिने परीक्षा न देण्याचे ठरवले. तिचेही बरोबरच आहे. धडे तर तिने ऐकलेच, ते कोण हिरावून घेणार? दोघींचे निर्णय निराळे, पण दोघींनी विचारून-सवरून घेतले, याचे मला समाधान वाटते.

हे सगळे वाचताना माझ्या स्वतःच्या मनातही काही हलले, ते सांगून लेख पुरा करते. आमच्या गावी मराठी शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा दूर. त्या काळी मुलीला एकटीला पाठवीत नसत, म्हणून माझे शिक्षण तिथेच थांबले. त्याबद्दल कोणाला बोल लावत नाही. तशी पुष्कळजणींची गोष्ट आहे. पण शाळेत न जाता दहावीच्या परीक्षेस खाजगीरीत्या बसण्याची सोय राज्य मंडळाने ठेवली आहे. त्याला १७ नंबरचा फॉर्म म्हणतात. दहावी, मग बारावी, आणि मग मुक्त विद्यापीठ. वाट लांब आहे, पण उघडी आहे. नोकरीसाठी मला ती चालायची नाही. या वयात मला कोण नोकरी देणार? माझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी मांडून पाहिली. पहिल्या दोहोंची उत्तरे बेताचीच आली. तिसऱ्याचे उत्तर मात्र भरघोस आले. म्हणून येत्या वर्षी फॉर्म भरायचा असे ठरवले आहे. घरच्यांना विचारले, तर आमच्या सासूबाईच आधी म्हणाल्या, “भर. भाकरी मी टाकीन.”

इंग्रजी आणि गणित यांची भीती वाटते, हे लपवत नाही. पण आपल्या मंडळात शिकलेल्या सुना आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत. मंडळाची खोली दुपारी दोन ते चार रिकामीच असते. आठवड्यातून दोन दिवस तिथे अभ्यासाचा वर्ग भरवावा आणि ज्यांना परीक्षेची फी जड जाते त्यांच्यासाठी भिशीतून थोडी रक्कम बाजूला काढावी, अशी सूचना मी या लेखाच्या निमित्ताने मांडते. माझ्याबरोबर बसायला आणखी दोघीजणी तयार झाल्या आहेत. ज्यांची सातवी, आठवी, नववी अर्धवट राहिली आहे अशा भगिनींनी आपली नावे मंडळाच्या कार्यवाह बाईंकडे नोंदवावीत. परीक्षा द्यायची की नाही ते प्रत्येकीने पुढे आपले आपण ठरवावे. अभ्यासाला मात्र गुरुवारपासूनच बसू या.